नेट झिरोकडे जाताना गावांना आणि छोट्या उद्योगांना नेमकी कसली मदत लागते?

पाणवठा

नेट झिरो म्हणजे उत्सर्जन जमेल तेवढं कमी करून उरलेलं हवेतून परत काढून घेणं, म्हणजे निव्वळ बेरीज शून्य. त्याच्या चर्चा बहुतेक वेळा वर्षांभोवती फिरतात. ब्रिटनने २०१९ साली २०५० चं उद्दिष्ट कायद्यात घातलं, भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत २०७० जाहीर केलं. पण वर्ष जाहीर करणारे वेगळे आणि त्यापायी भट्टी, बॉयलर, ट्रक किंवा नोकरी बदलावी लागणारे वेगळे. मला या दुसऱ्या लोकांबद्दल बोलायचं आहे.

मी लघुउद्योजकांच्या एका संघटनेत काम करते. आमच्या सभासदांना मोठ्या ग्राहक कंपन्यांकडून प्रश्नावल्या येतात: तुमचं उत्सर्जन किती टन, किती कमी करणार, कधीपर्यंत, पुरावा जोडा. सोबत मदत कसलीच नसते. दुसरीकडे कोळशाच्या खाणीवर किंवा औष्णिक केंद्रावर जगणारी गावं आहेत. केंद्र बंद होणार ही बातमी तिथे लगेच पोचते, त्यानंतर काय ते कोणी सांगत नाही.

पैसा, माहिती, जाणकार माणूस, पुरेशी मुदत, पुढच्या कामाची हमी... यातलं आधी काय द्यायला हवं? माझं मत आहे की आधी माणूस, मग पैसा. कुठे काय केलं आणि त्यातलं काय टिकलं, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे.

वाटसरू

विषय महत्त्वाचा. जाणकार येईपर्यंत पहिल्या रांगेत बसून घेतो.

जुना फिटर

पाणवठाताई, 'आधी माणूस' याला माझं अनुमोदन. ऊर्जा परीक्षणाच्या निमित्ताने बरेच कारखाने आतून पाहिलेत. मालकाला विजेच्या बिलाचा आकडा तोंडपाठ असतो, पण ती वीज कुठल्या यंत्रात जाते हे त्याला ठाऊक नसतं, कारण सगळ्या शेडला मिळून एकच मीटर.

कॉम्प्रेसरची हवाच घ्या. गळतीकडे कोणी बघत नसेल तर तयार केलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून, कपलिंगमधून, जुन्या होसमधून निघून जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात एखाद्या टोकाच्या यंत्राला हवा कमी पडते म्हणून सगळ्या लाइनचं प्रेशर वाढवून ठेवतात. सात बारच्या आसपास काम चालत असेल तर दर जादा बारला साधारण ६ ते ७ टक्के वीज जास्त लागते. म्हणजे आधी हवा सोडायची आणि मग ती कमी पडते म्हणून आणखी महाग करून भरायची.

तीच गोष्ट पंप आणि पंख्यांची. मोटर पूर्ण वेगात फिरते आणि प्रवाह कमी करायला व्हॉल्व्ह किंवा डॅम्पर अर्धा बंद करून ठेवलेला असतो. त्याऐवजी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग २० टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. जगातल्या विजेपैकी सुमारे ४५ टक्के वीज मोटरवर चालणाऱ्या यंत्रणांत खर्च होते, तेव्हा हा मामला किरकोळ नाही.

यातलं काहीच गुपित नाही. पुस्तिका आहेत, वेबिनार आहेत. पण खरेदी, उत्पादन, हिशेब आणि पगार हे सगळं जिथे एकच माणूस बघतो, तिथे पुस्तिका उघडणार कोण? कोणीतरी जाऊन गळतीच्या जागेला चिठ्ठी बांधली पाहिजे, मेंटेनन्सच्या मुलाला हाताशी घेऊन ती गळती काढली पाहिजे आणि पुढचं बिल बघायला परत आलं पाहिजे. अशी मदत लागू पडते. नुसता अहवाल देऊन गेलेल्या सल्लागाराची फाइल मी अनेक कपाटांत पाहिली आहे.

गणिती

+१. एक पुस्ती जोडतो. घनाचा नियम सेंट्रिफ्युगल पंप-पंख्यांना लागू आहे. पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर उंचीचा भार वेग कमी केल्याने जात नाही आणि बचत बरीच कमी होते. व्हीएफडी घेण्याआधी हे कोणीतरी तपासून सांगितलं पाहिजे. म्हणजे पुन्हा माणूसच आला.

खातेवही

फिटरकाकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. पण मी थोडी असहमत आहे.

मी लहान कारखान्यांचे हिशेब बघते. माहिती मिळाली, अहवालही आला, पुढे काय? बँक तारण मागते आणि उद्या वाचणारी वीज तारण ठेवता येत नाही. तीन वर्षांत पैसे वसूल करून देणारं यंत्र कागदावर चांगलंच दिसतं. पण ग्राहकाची ऑर्डर सहा महिन्यांपुरती असते आणि बिलाचे पैसे येता येत नाहीत. अशा वेळी मालक खेळतं भांडवल हातात ठेवतो. त्यात त्याचं अज्ञान नाही, शहाणपण आहे.

ऊर्जा सेवा कंपनीने स्वतःच्या पैशाने यंत्र बसवायचं आणि बचतीतून वसूल करायचं, ही पद्धत मोठ्या इमारतींना जमते. छोट्या शेडच्या बाबतीत करार, मोजमाप आणि पडताळणी यांचाच खर्च बचतीला खाऊन टाकतो. दहा-वीस कारखाने एकत्र बांधून एकच करार केला तर जमू शकतं, पण ते बांधायला मधे कोणीतरी लागतं.

प्रश्नावल्यांबद्दल. जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या पद्धतीच्या २०११ च्या मानकात स्कोप ३ चे, म्हणजे कंपनीच्या पुरवठादारांकडे आणि ग्राहकांकडे होणाऱ्या उत्सर्जनाचे, १५ प्रकार आहेत, त्यात पहिलाच प्रकार विकत घेतलेला माल आणि सेवा. तुमचा स्कोप १ आणि २ (स्वतः जाळलेलं इंधन आणि विकत घेतलेली वीज) हा तुमच्या ग्राहकाच्या स्कोप ३ मध्ये मोडतो, म्हणून तो तुम्हाला विचारतो. विचारण्याला माझी हरकत नाही. पण दहा ग्राहक दहा वेगळे तक्ते पाठवतात, एकाला किलोवॉट-तास हवे असतात, दुसऱ्याला टन, तिसऱ्याला प्रति नग. युरोपात लहान कंपन्यांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये 'व्हीएसएमई' नावाचं ऐच्छिक मानक तयार झालं, ते याचसाठी: एकदा भरा आणि मागेल त्याला तेच द्या. असा एक समान तक्ता सगळ्यांनी मान्य केला तरी मोठी मदत होईल, आणि तिला पैसा जवळजवळ लागत नाही.

माझ्या मते सगळ्यात परिणामकारक मदत म्हणजे ग्राहकाने उत्सर्जन कमी करणाऱ्या पुरवठादाराला तीन-चार वर्षांची ऑर्डर लेखी देणं. तो कागद बँकेत चालतो.

आडवाट

चर्चा चांगली चालली आहे, पण हवेची गळती काढून नेट झिरो होत नाही. उत्सर्जन कमी होतं, शून्य होत नाही.

सिमेंटचं बघा. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या उत्सर्जनातला साधारण ६० टक्के भाग या रासायनिक क्रियेचा आहे, इंधनाचा नाही. भट्टी उद्या सौरविजेवर चालवली तरी तो भाग तसाच राहतो. पोलादातही कोळसा उष्णतेसाठी लागतो आणि लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायलाही लागतो. स्वीडनमध्ये लुलिओ इथे 'हायब्रिट' प्रकल्पात कोळशाऐवजी हायड्रोजनने हे करून दाखवलं आणि २०२१ मध्ये असं पोलाद ग्राहकाला दिलंही. पण ते छोट्या उद्योगाच्या आवाक्यातलं काम नाही.

अशा ठिकाणी अनुदानापेक्षा नियम बदलणं ही मोठी मदत ठरते. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरून क्लिंकरचं (सिमेंटसाठी भट्टीत भाजून काढलेल्या मुख्य घटकाचं) प्रमाण निम्म्यापर्यंत आणणारं 'एलसी३' सिमेंट आहे. त्याने उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. लोझानच्या तंत्रविद्यापीठाने भारत आणि क्यूबातल्या संस्थांबरोबर ते विकसित केलं. आता बांधकामाच्या निविदेत 'अमुकच प्रकारचं सिमेंट' असं लिहिलेलं असेल तर ते बनवणाऱ्याला कितीही मदत द्या, घेणार कोण? काँक्रीट किती मजबूत आणि किती टिकाऊ हवं ते लिहा, घटक ठरवायचं काम बनवणाऱ्यावर सोडा. सरकार हे सिमेंट-पोलादाचं प्रचंड मोठं गिऱ्हाईक आहे. त्याच्या खरेदीच्या अटी बदलल्या की खातेवहीताई म्हणतात ती हमी आपोआप मिळते.

शेवंती

सगळे यंत्रांवर बोलताय, ताईंनी गावांबद्दलही विचारलं होतं.

मी नोकरीमुळे जर्मनीच्या रूर या जुन्या कोळसा खाणींच्या भागात राहिले आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत दगडी कोळशाच्या उद्योगात सहा लाख माणसं होती. शेवटची खाण, बोट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. दगडी कोळशाचं अनुदान २०१८ पर्यंत थांबवायचं हे २००७ मध्येच ठरलं होतं आणि कामगार संघटना त्या ठरावात सामील होत्या. शेवटच्या टप्प्यात कोणालाही सक्तीने घरी बसवलं नाही. वय झालेल्यांना लवकर निवृत्ती, तरुणांना नवं प्रशिक्षण आणि दुसरीकडे काम.

मला याहून मोठं वाटतं ते विद्यापीठांचं काम. बोखुममध्ये १९६५ साली आणि डॉर्टमुंडमध्ये १९६८ साली विद्यापीठं सुरू झाली, खाणी जोरात बंद पडू लागल्या त्याच काळात. खाणकामगारांच्या मुलांना घराजवळ उच्च शिक्षण मिळालं. एसेनची त्सोलफेराइन खाण १९८६ मध्ये थांबली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. तरीही सगळं आलबेल नाही. गेल्झनकिर्शेनसारख्या शहरात बेकारी आजही देशाच्या सरासरीहून बरीच जास्त आहे. आणि जमीन खचल्यामुळे खाणींतलं पाणी कायमच उपसत राहावं लागणार आहे. त्या खर्चासाठी वेगळा निधी उभारलेला आहे. बंद करण्याच्या खर्चात असले खर्च धरावे लागतात.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातलं हेझलवुड. तपकिरी कोळशावरचं मोठं वीजकेंद्र, नोव्हेंबर २०१६ मध्ये बंदची घोषणा आणि मार्च २०१७ मध्ये बंद. पाच महिन्यांत कोणी नवा धंदा शिकत नाही. पण त्यानंतर तिथे एक चांगली गोष्ट झाली. शेजारच्या केंद्रांतल्या वयस्क कामगारांना लवकर निवृत्ती देऊन त्यांच्या जागी हेझलवुडच्या लोकांना घ्यायची योजना केली गेली. आणि २०१८ मध्ये देशपातळीवर नियम आला की वीजकेंद्र बंद करायचं तर किमान तीन वर्षं आधी सांगा.

तेव्हा माझं उत्तर: आधी मुदत. बाकी सगळं त्या मुदतीत करायचं.

निळी शाई

शेवंतीताई, आदर राखून विरोध नोंदवतो. रूरला साठ वर्षं मिळाली आणि वाटेत प्रचंड अनुदान ओतलं गेलं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर कार्बन डायऑक्साइडचं जागतिक उत्सर्जन २०५० च्या आसपास निव्वळ शून्यावर यायला हवं. एवढी निवांत मुदत आता कोणालाच मिळणार नाही, आणि उशिराची किंमत पुन्हा गरीब गावंच मोजतात: उष्णतेच्या लाटा, पूर, दुष्काळ.

शेवंती

साठ वर्षं द्या असं मी म्हणत नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे. दक्षिण आफ्रिकेतलं कोमाटी हे कोळशावरचं वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. त्याआधी २०२१ मध्ये श्रीमंत देशांनी त्या देशाला कोळसा सोडण्यासाठी ८.५ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं होतं, त्यातला मोठा भाग कर्ज आणि निव्वळ अनुदान अगदी थोडं. केंद्र थांबलं तेव्हा नवं काम उभं राहिलेलं नव्हतं. प्रशिक्षण, सौर प्रकल्प, शेतीचे प्रयोग यांची आखणी होती, पण पगार थांबण्याआधी ती पूर्ण झाली नाही. मुदत तीन वर्षांची असो की दहा, नवं काम उभं राहिल्यावर जुनं बंद व्हावं.

स्पेनने ऑक्टोबर २०१८ मध्ये कोळसा कामगारांच्या संघटनांशी करार केला आणि त्याच वर्षाअखेर बहुतेक खाणी बंद झाल्या. म्हणजे वेगानेही होतं. पण आधी टेबलावर बसून सही झाली: ४८ वर्षांवरच्यांना लवकर निवृत्ती, बाकीच्यांना भरपाई आणि खाणीची जमीन पूर्ववत करण्याच्या कामात प्राधान्य, एकूण २५ कोटी युरो.

निळी शाई

स्पेनचं माहीत नव्हतं. क्रमाचा मुद्दा मान्य.

दीपमाळ

अजून मालकीबद्दल कोणी बोललं नाही.

डेन्मार्कमधलं साम्सो बेट. वस्ती साधारण चार हजार. १९९७ मध्ये सरकारी स्पर्धेत या बेटाची निवड झाली: दहा वर्षांत पूर्णपणे नवीकरणीय ऊर्जेवर जाऊन दाखवा. सोबत पैशांची थैली मिळाली नाही. जमिनीवर एक मेगावॉटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, मग समुद्रात २.३ मेगावॉटच्या दहा. त्यातल्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या, काही सहकारी संस्थेच्या, काही पालिकेच्या. ज्याच्याकडे चक्की घेण्याएवढे पैसे नव्हते त्याने भाग घेतले. घरं तापवण्यासाठी गव्हाचा पेंढा जाळून गरम पाणी नळाने घरोघरी. कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळच्या मिडेलग्रुंडेनच्या २० चक्क्यांची निम्मी मालकी आठ हजारांहून जास्त सभासदांच्या सहकारी संस्थेकडे गेली, तीही याच वृत्तीने.

या उलट जिथे भार सामान्य माणसावर आणि लाभ दुसरीकडे असं लोकांना वाटलं, तिथे रस्ते पेटले. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरच्या करवाढीवरून पिवळ्या जाकिटांचं आंदोलन उभं राहिलं आणि पुढच्याच महिन्यात सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. गाडीशिवाय पर्याय नसलेल्या गावांतल्या माणसांचा तो राग होता. आधी बस द्यायला हवी होती.

सहकाराची सवय आपल्या वाचकांना नवी नाही, म्हणून मला हा मार्ग जवळचा वाटतो. मदत देताना गावाला लाभार्थी म्हणून एका बाजूला बसवू नका, भागधारक करा.

वाटसरू

दीपमाळ, एक शंका. स्वतःच्या मालकीच्या पवनचक्कीचा आवाज कमी येतो का हो? :)

दीपमाळ

आवाज तेवढाच येतो, त्रास कमी होतो! नेदरलँड्समध्ये यावर सर्वेक्षण झालं आहे. पवनचक्कीतून उत्पन्न मिळणाऱ्या घरांमध्ये आवाजाची पातळी जास्त असूनही तक्रारी फारच कमी निघाल्या.

गणिती

डेन्मार्कचा विषय निघालाच आहे तर कालुनबोर्ग. तिथल्या कारखान्यांनी १९७२ पासून एकमेकांचा टाकाऊ माल घ्यायला सुरुवात केली. तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा वायू जिप्समचे तक्ते बनवणाऱ्याकडे गेला. पुढे वीजकेंद्राची वाफ औषध कारखान्याला जाऊ लागली आणि धुरातलं गंधक काढताना तयार होणारं जिप्सम पुन्हा त्या तक्तेवाल्याकडे. कोणी वरून आराखडा दिला नव्हता, शेजाऱ्यांनी आपापसांत करार केले. पण पुढे वीजकेंद्राने कोळसा सोडला आणि कोळशाच्या धुरातून मिळणारं ते जिप्सम संपलं. म्हणजे एकाच्या बदलाचा धक्का साखळीतल्या दुसऱ्याला बसतो, त्याचा विचार आधी करावा लागतो.

निळी शाई

घाईतल्या मदतीबद्दलही लिहायला हवं. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये घरांच्या छताखाली उष्णतारोधक थर बसवायची मोठी योजना काढली. हेतू चांगला, पैसाही भरपूर. पण पुरेशा प्रशिक्षणाविना नवखे ठेकेदार कामाला लागले आणि चार तरुण कामगारांचा जीव गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना थांबवावी लागली आणि पुढे २०१४ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. पैसा वाटायला एक आदेश पुरतो, कुशल हात तयार व्हायला वेळ लागतो. फिटरकाकांचं 'आधी माणूस' मला यामुळे सगळ्यात पटतं.

पाणवठा

सगळ्यांचे आभार. कोमाटी, स्पेन आणि कालुनबोर्गबद्दल वाचताना बरंच शिकायला मिळालं.

आता एक व्यावहारिक प्रश्न. संघटनेच्या पुढच्या सभेत मला ठोस प्रस्ताव मांडायचा आहे. निधी मर्यादित आहे आणि सभासद वेगवेगळ्या धंद्यांतले: ओतकाम, प्लास्टिक मोल्डिंग, छपाई, शीतगृह. एकाच गोष्टीने सुरुवात करायची तर कशाने?

आडवाट

कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने केलेल्या कपातीचा दाखला) विकत घेऊन 'आम्ही शून्य झालो' म्हणायचा मार्ग कोणी सुचवला तर नाही म्हणा. विज्ञानाधिष्ठित उद्दिष्टांच्या एसबीटीआय मानकात बहुतेक कंपन्यांनी आधी साधारण ९० टक्के कपात करायची आणि उरलेल्यापुरताच कार्बन काढून घ्यायचा, अशी अपेक्षा आहे. युरोपात तर क्रेडिटच्या जोरावर एखादं उत्पादन 'कार्बन न्यूट्रल' म्हणून विकायला सप्टेंबर २०२६ पासून बंदी लागू होते. तो पैसा यंत्रांवर घाला.

जुना फिटर

दोन नमुने सांगतो, दोन्ही जुने आणि कसाला लागलेले.

एक अमेरिकेतला. तिथे १९७६ पासून विद्यापीठांतली औद्योगिक परीक्षण केंद्रं लहान-मध्यम कारखान्यांचं ऊर्जा परीक्षण फुकट करतात. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी येतात, मोजमाप घेतात, अहवाल देतात आणि नंतर काय अमलात आलं तेही विचारतात. कारखान्याला सल्ला मिळतो आणि दरवर्षी शिकलेली नवी माणसं तयार होतात. तुमच्या जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशी बोला.

दुसरा स्वित्झर्लंडमधला, ऐंशीच्या दशकात झुरिकमध्ये सुरू झालेला आणि मग जर्मनीने उचललेला. दहा-पंधरा कारखान्यांचा गट, सगळ्यांचं आधी परीक्षण, मग गटाचं मिळून एक उद्दिष्ट. दर काही महिन्यांनी एकाच्या कारखान्यात जमायचं, शेड फिरून बघायची आणि काय केलं, काय फसलं ते बोलायचं. सल्लागारापेक्षा शेजारच्या मालकाचं बिल लोकांना जास्त पटतं.

उपकरणं संघटनेने घ्यावीत आणि सभासदांना आळीपाळीने द्यावीत: क्लॅम्प मीटर, धुराचा विश्लेषक, थर्मल कॅमेरा, गळती ऐकणारा अल्ट्रासोनिक डिटेक्टर. एकेकट्याला जड, सगळ्यांना मिळून हलकं.

खातेवही

फिटरकाका, नमुना आवडला. पण एकाच धंद्यातले स्पर्धक एकमेकांना शेड दाखवतील?

जुना फिटर

नाही दाखवणार, आणि गरजही नाही. गटात मुद्दाम वेगवेगळे धंदे घ्या. ओतकामवाला आणि छापखानेवाला स्पर्धक नाहीत, पण कॉम्प्रेसर, मोटर, दिवे दोघांकडेही आहेत. ताईंच्या सभासदांत ही विविधता आहेच.

खातेवही

मग माझी मदत गृहीत धरा. गटातल्या सगळ्यांच्या विजेचा आणि इंधनाचा एकाच नमुन्यातला तक्ता मी करून देते. तोच पुढे ग्राहकांच्या प्रश्नावल्यांना जोडता येईल आणि सगळ्यांच्या यंत्रांसाठी एकत्र कर्ज मागायचं तर बँकेसमोरही ठेवता येईल.

पाणवठा

खातेवहीताई, व्यक्तिगत निरोप पाठवते. पहिल्या बैठकीचा विषय कॉम्प्रेसरची हवा ठेवते, ती सगळ्यांकडे आहे. फिटरकाका, महागडं उपकरण नसताना गळती कशी मोजायची ते इथेच लिहाल का? सभासदांना धागाच पाठवेन.

जुना फिटर

लिहितो. ही रीत लोड-अनलोडवर चालणाऱ्या, म्हणजे हवा भरणाऱ्या आणि प्रेशर झालं की भरणं थांबवून नुसत्या फिरणाऱ्या, कॉम्प्रेसरसाठी आहे. पाळी संपल्यावर हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद करा, पण लाइनचे व्हॉल्व्ह उघडे ठेवा. कॉम्प्रेसर चालू करून लाइन नेहमीच्या प्रेशरला येऊ द्या. आता हवा कोणीच वापरत नाही, तरी गळतीमुळे प्रेशर उतरेल, कॉम्प्रेसर लोड घेईल, भरेल, परत अनलोड होईल. घड्याळ लावून लोडचा वेळ आणि अनलोडचा वेळ लिहा, पाच-सहा फेऱ्या. लोडच्या वेळांची बेरीज भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले शंभर. जो आकडा येईल तेवढे टक्के क्षमता गळतीत जाते. दहाच्या आत असेल तर लाइन चांगली राखली आहे. वर गेला तर साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन आधी होसची टोकं आणि कपलिंग तपासा, मग ड्रेन व्हॉल्व्ह. बुडबुडे दिसतील तिथे चिठ्ठी बांधा. सगळं काढून झालं की तीच चाचणी पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे खातेवहीताईंच्या तक्त्यात लिहा.